राजीनामा दिला, आता मेडिक्लेमचं काय?

ताई, नमस्कार.
मी 43 वर्षांची. हिंजवडीतल्या एका कंपनीत 11 वर्षं अकाउंट्समध्ये आहे. सासूबाई (वय 74) पडल्यापासून घरात कोणीतरी हवं आहे, मुलगा दहावीत आहे, म्हणून राजीनामा दिला. पुढे घरूनच जीएसटी रिटर्न भरून देण्याची कामं करणार आहे. नोटीस पीरियडचे 23 दिवस उरलेत. मिस्टरांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे आम्हा चौघांचा मेडिक्लेम माझ्याच कंपनीचा, 5 लाखांचा. मिस्टरांना 6 वर्षांपासून शुगर आहे आणि 2 वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. ते बिल याच मेडिक्लेममधून भागलं. एचआर म्हणते, शेवटच्या दिवशी रात्री 12 वाजता कव्हर संपणार. ओळखीचा एजंट म्हणतो, नवी पॉलिसी घ्या, फॉर्मवर शुगर आणि स्टेंट लिहू नका, 5 वर्षं गेली की कोणी विचारत नाही. दीर म्हणतात, घाई कशाला, दिवाळीनंतर सावकाश बघू. इन्शुरन्स कंपनी गेली 4 वर्षं एकच आहे, त्याआधी दुसरी होती. सासूबाईंचं नाव 3 वर्षांपूर्वी घातलं. काय करू?
— एक कमावती सून, पिंपळे सौदागर

सूनबाई, नमस्कार.

दिरांना सांगा, दिवाळीनंतर फराळ सावकाश संपवू, हे काम मात्र या आठवड्यातलं आहे. तुमच्या हातात आज जे आहे ते 23 दिवसांनी नसेल, आणि ते पुन्हा मिळवायला 3 वर्षं लागतील. काय आहे ते सांगते, पण आधी त्या एजंटाकडे वळते, कारण त्याचा सल्ला पत्रातली सगळ्यात महागडी गोष्ट आहे.

मी 26 वर्षं विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काढली. फाइल समोर आली की आम्ही बिलाच्या आकड्याआधी डिस्चार्ज कार्डावरची 'पूर्वेतिहास' ही ओळ वाचायचो. तिथे डॉक्टरनं लिहिलेलं असतं: मधुमेह, 6 वर्षांपासून. हे त्याला कोणी सांगितलेलं असतं? बायकोनं, मुलानं, कधी पेशंटनं स्वतः. रात्री 2 वाजता कॅज्युअल्टीत 'शुगर आहे का, बीपी आहे का, आधी काही ऑपरेशन?' असं विचारल्यावर कोणी खोटं बोलत नाही, बोलूही नये. मग ती ओळ आणि प्रपोजल फॉर्मवरचं 'नाही' शेजारी शेजारी ठेवलं की क्लेम तिथेच आडवा. पॉलिसीही रद्द होऊ शकते. तुमच्या बाबतीत तर लपवायला जागाच नाही. अँजिओप्लास्टीचा क्लेम विमा कंपनीनं स्वतः भरलाय, तो तिच्या नोंदीत आहे.

'5 वर्षांनी कोणी विचारत नाही' हे एजंटानं अर्धवट ऐकलेलं आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. 2024 पर्यंत ही मुदत 8 वर्षांची होती, ती कमी केली. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि स्टेंट बसवलेला माणूस 'मला काही आजार नाही' यावर सही करतो तेव्हा त्याला विसरला असं कोण म्हणेल? शिवाय त्या 60 महिन्यांत मिस्टरांच्या छातीत काही होणार नाही, हे एजंट लिहून देणार आहे का?

आता तुमच्याकडे काय आहे ते. कंपनीचा मेडिक्लेम म्हणजे ग्रुप पॉलिसी. तिची मालक तुमची कंपनी, तुम्ही चौघं नुसते सभासद. म्हणून नोकरी संपली की कव्हर संपतं, एचआर चूक सांगत नाही. या पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जायचे, ती ग्रुपची सवलत होती. तीही इथेच राहणार. पण या पॉलिसीत तुमच्या घरानं घालवलेली वर्षं तुमची आहेत. विमा नियामकाचा, म्हणजे इर्डाचा नियम असा की ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या सभासदाला आणि त्याच्या घरच्यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसीत जाता येतं, आणि जाताना आधी झालेला प्रतीक्षा काळ, म्हणजे जुन्या आजारांचा क्लेम मिळायला थांबावे लागतात ते महिने, सोबत नेता येतो. याला मायग्रेशन म्हणतात. एचआरला 'पोर्ट करायचंय' असं सांगितलंत तर ती गोंधळेल. पोर्टिंग म्हणजे एका विमा कंपनीतून दुसरीत जाणं, ते पुढचं पाऊल आहे. आधी त्याच कंपनीत वैयक्तिक पॉलिसी, मग ती पसंत पडली नाही तर पहिल्या नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी दुसरीकडे पोर्टचा अर्ज.

ही वर्षं इतकी मोलाची का, ते हिशेब ठेवणाऱ्या बाईला आकड्यांतच सांगते. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबवता येतं. आधी हे 48 होते, 2024 मध्ये कमी झाले. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणं अशा ठरावीक उपचारांना बहुतेक ठिकाणी 24 महिने, आणि अपघात सोडून बाकी सगळ्याला पहिले 30 दिवस. मिस्टर या विमा कंपनीत सलग 4 वर्षं, म्हणजे 48 महिने आहेत. 36 कधीच उलटले. मायग्रेशन झालं तर शुगर आणि हृदय दोन्ही पहिल्या दिवसापासून धरले जायला हवेत. त्याआधीच्या विमा कंपनीचे कागद असतील तर जोडा, पण तुमचं गणित त्यांच्यावाचून अडत नाही.

सासूबाईंचं तसं नाही. '3 वर्षांपूर्वी' म्हणजे नेमकं कधी? पॉलिसीच्या वर्षाच्या सुरुवातीला नाव घातलं की मधेच? 36 महिने भरायला 20 दिवस कमी पडत असतील तर ते 20 दिवस नव्या पॉलिसीत थांबावं लागेल. फार नाही, पण ठाऊक असलेलं बरं. तारीख काढून ठेवा.

इथे एक कडू घोट आहे. मायग्रेशनचा अर्ज करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत घेताना विमा कंपनीला तब्येत तपासण्याचा अधिकारही आहे. मिस्टरांच्या रक्ताच्या चाचण्या, टू-डी इको मागतील. हप्त्यावर जादा आकारणी, ज्याला आमच्यात लोडिंग म्हणतात, लावतील. क्वचित नकारही देतील. म्हणूनच 23 दिवस म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. तपासणीत आठ-दहा दिवस सहज जातात. चौघांचे अर्ज एकत्र द्या, पण कंपनीला लेखी सांगा की एकाचा निर्णय लांबला तर बाकीच्यांचा अडवू नका.

तारखेबद्दल अजून एक. तुमच्या रजा शिल्लक असतील आणि मॅनेजर प्रेमानं म्हणेल, 'मॅडम, रजा ॲडजस्ट करून आठ दिवस आधीच मोकळ्या व्हा.' होऊ नका! निदान आधी विचारा की मेडिक्लेमसाठी शेवटचा दिवस कोणता धरणार. आठ दिवस आधी मोकळं होणं म्हणजे कव्हरही आठ दिवस आधी संपणं असू शकतं. उलट काही कंपन्या त्या महिनाअखेरपर्यंत, काही तर पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत नाव ठेवतात. विचारायला काय जातंय? उत्तर मात्र मेलवर घ्या. कँटीनमध्ये मिळालेलं आश्वासन क्लेमच्या फाइलला जोडता येत नाही.

आणि शेवटच्या दिवसानंतर ते ई-कार्ड वापरू नका. हे मुद्दाम सांगते, कारण कार्ड चालतं. नोकरी सोडून गेलेल्यांची यादी तुमची कंपनी महिन्यातून एकदा पाठवते, तोवर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, संगणकावर तुमचं नाव जिवंत दिसतं. माझ्या टेबलावर असाच एक क्लेम आला होता. माणूस 31 तारखेला नोकरीतून सुटला, 9 दिवसांनी पोट दुखायला लागलं म्हणून भरती झाला. कार्ड दाखवलं, कॅशलेस मंजूर, घरचे निर्धास्त. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी यादी आली आणि मंजुरी मागे गेली. त्याच्या बायकोनं त्या संध्याकाळी गावच्या भावाला फोन करून पैसे मागवले. नियमाप्रमाणे आमचं बरोबर होतं, तरी मला ती फाइल अजून आठवते. त्या घरानं लपवलं काहीच नव्हतं. कार्ड चालतंय म्हणजे विमा आहे, एवढाच त्यांचा समज होता.

उद्या ऑफिसला गेलात की पहिलं काम कागदांचं. टीपीएचं लॉगिन तुमच्या ऑफिसच्या मेलवर उघडलेलं असणार, आणि तो मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. तिथे लगेच स्वतःचा मेल आणि मोबाइल नोंदवा. चौघांची ई-कार्डं, या 4 वर्षांची प्रत्येक वर्षाची, उतरवून घ्या. अँजिओप्लास्टीच्या क्लेमचं सेटलमेंट लेटर आणि डिस्चार्ज कार्ड. एचआरकडून ग्रुप पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचं नाव आणि कोण कधीपासून कधीपर्यंत सभासद होतं याचं पत्र. हे पत्र सगळ्यात महत्त्वाचं. ते रिलीव्हिंग लेटरबरोबर 'फुल अँड फायनल'च्या वेळी देऊ म्हणतील, तेव्हा फार उशीर झालेला असेल. एखादं जुनं बिल क्लेम करायचं राहिलं असेल तर तेही आताच टाका.

किती रकमेची पॉलिसी घ्यावी? पुण्यात चौघांना 5 लाख कमी पडतात हे तुम्हाला अँजिओप्लास्टीच्या बिलावरून कळलंच असेल. पण जमा झालेली वर्षं जुन्या विमा रकमेपुरतीच पुढे जातात. 10 लाखांची घेतलीत तर पहिल्या 5 लाखांना जुना हिशेब लागू, वरच्या 5 लाखांना जुन्या आजारांसाठी नव्यानं थांबणं. तरी 10 लाखांचीच घ्या असं माझं मत. थांबायचंच आहे तर आजपासून थांबलेलं बरं. कंपनीतून घेतलेला ऐच्छिक टॉप-अप, म्हणजे मूळ रकमेच्या वरचा जादा विमा, असेल तर तोही बहुधा राजीनाम्याबरोबर जातो, त्याच्यावर विसंबू नका.

पॉलिसी निवडताना हप्त्याच्या आधी खोलीभाड्याची अट वाचा. समजा मर्यादा दिवसाला 5,000 आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली. तुम्हाला वाटेल, वरचे 3,000 आपण भरू. तसं होत नाही. सर्जनची फी, ओटीचा खर्च अशा खोलीच्या दर्जाशी बांधलेल्या रकमाही त्याच प्रमाणात, म्हणजे 8 ला 5, कापल्या जातात. माणसं डिस्चार्जच्या काउंटरवर भांडतात ती बऱ्याचदा याच कापाकापीवरून.

सासूबाईंना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या वयावर ठरतो, 74 च्या हिशेबानं चौघांचा हप्ता भराल. त्यांचं मायग्रेशन स्वतंत्र पॉलिसीत मागा. ते परवडलं नाही तर 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणारी साधी पॉलिसी आहे. तिच्यात प्रत्येक क्लेमचे 5 टक्के आपण भरायचे असतात. आणि हे काहीही जमो न जमो, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. आधार कार्ड पुरतं, जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते मात्र आज बघून ठेवा, पडल्यावर नव्हे.

मिस्टरांना नकार आला तर? तो लेखी मागा. मग सगळं खरं लिहून दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांकडे नवा अर्ज करा. मधुमेह असलेल्यांसाठी, हृदयावर उपचार झालेल्यांसाठी वेगळ्या पॉलिसी मिळतात. हप्ता जड असतो, थांबावंही लागतं, पण खऱ्या माहितीवर मिळालेली पॉलिसी क्लेमच्या वेळी उभी राहते. हा दुसरा अर्ज नकाराची वाट न बघता आत्ताच तयार ठेवा, म्हणजे ते सुरुवातीचे 30 दिवस निदान काही अंशी नोकरीतच सरतील. मधल्या काळात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरती नाही, पांढरं कार्डही चालतं, मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख, आणि अँजिओप्लास्टी तिच्यात आहे. पिंपळे सौदागरातल्या सोसायटीत हे सांगितलं की लोक 'ते आपल्यासाठी नसतं' अशा चेहऱ्यानं बघतात. पांढरं रेशनकार्ड कपाटात कुठे आहे ते शोधा हो.

तपासून नाकारणं हा विमा कंपनीचा अधिकार आहे. पण अर्जच घ्यायचा नाही, 'असं काही नसतं' म्हणून परत पाठवायचं, किंवा घेऊन 4 वर्षं मोजायचीच नाहीत, हे चालणार नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर. कंपनीनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

पैशाचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी शून्य आहे. कोणी जुनं कोटेशन दाखवून 18 टक्के लावत असेल तर जीएसटीच्या बाईंनी काय करायचं ते मी सांगायला नको. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी स्वतःच्या कुटुंबासाठी 25,000 आणि ज्येष्ठ पालकांसाठी 50,000 पर्यंत वजावट मिळते. पण त्यात 'पालक' म्हणजे स्वतःचे आईवडील, सासू-सासरे नव्हेत. सासूबाईंचा हप्ता मिस्टरांनी, दुकानाच्या गल्ल्यातून रोख न देता, बँकेतून भरावा आणि त्यांनीच वजावट घ्यावी.

बँकेचा फोन येईल, खातेदारांसाठी स्वस्त मेडिक्लेम आहे म्हणून. तीही ग्रुप पॉलिसीच. मालक बँक, तुम्ही पुन्हा सभासद. एका दोरीवरून सुटून दुसऱ्या दोरीवर लटकायचं नसेल तर 'नको' म्हणा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा पगार 21,000 च्या आत आहे आणि ज्यांना मेडिक्लेमऐवजी ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. किमान 5 वर्षं ईएसआयमध्ये काढून निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला वर्षाला फक्त 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. साध्या राजीनाम्याला ही सोय नाही, पण निवृत्तीला टेकलेल्या किती कामगारांना ती माहीतच नसते.

सूनबाई, उद्या सकाळी एचआरला आणि विमा कंपनीला एकच मेल पाठवा, स्वतःचा खासगी मेल सीसीत ठेवून. मजकूर देते, तारखा तुम्ही भरा:

'माझा कंपनीतला शेवटचा दिवस अमुक आहे. ग्रुप आरोग्य विमा पॉलिसी क्रमांक अमुक याखाली मी, माझे पती, मुलगा व सासूबाई सभासद आहोत. इर्डाच्या नियमांनुसार आम्हा चौघांना आपल्याच वैयक्तिक/फॅमिली फ्लोटर पॉलिसीत मायग्रेशन हवं आहे, आतापर्यंतचा प्रतीक्षा काळ धरून. पतींना मधुमेह आहे व त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्याचे कागद सोबत आहेत. सध्याचं कव्हर संपण्याच्या आत नवं सुरू व्हावं यासाठी लागणारे अर्ज, तपासण्या व हप्त्याचा तपशील 3 दिवसांत कळवावा. मायग्रेशन शक्य नसल्यास कारण लेखी द्यावं.'

कोटेशन आलं की मला पाठवा. लोडिंग किती लावलंय ते बघू, आणि घासाघीस करण्यासारखं असेल तर तेही सांगते. एजंटाला मात्र एवढ्यात काही कळवू नका, तो तुमच्या मिस्टरांना दुकानात गाठेल.

— तुमची ताई